ज्याने फसवायला घेतलं तोच फसला : गेममधल्या 'स्क्रिप्ट'ची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात आठ ते सोळा वयाचं पोर आणि एक कॉम्प्युटर किंवा जास्तीचा मोबाईल आहे, त्यांनी चहा घेऊन बसा आणि वाचा. बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा. कॉम्प्युटरचं काहीतरी झालंय आणि हे फार चिडलेत." हे म्हणजे आमचे दाजी. टॅक्स कन्सल्टंट आहेत. साठ-बासष्ट छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं त्यांच्याकडे, आणि त्या सगळ्यांचे लॉगिन, पासवर्ड घरच्याच कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले. दाजींच्या ईमेलमध्ये रात्री अडीच वाजता परदेशातून कोणीतरी शिरलं होतं. तिकडे भाच्याचं रोब्लॉक्सचं अकाउंट पण गेलं होतं, आणि तो सातवीतला गडी त्या अकाउंटसाठी रडत होता. दाजींच्या ईमेलचं त्याला काही घेणंदेणं नव्हतं.

अर्धा तास गोडीगुलाबीने विचारल्यावर खरं बाहेर आलं. त्याने एक 'एक्झिक्युटर' टाकला होता. गेम चालू असताना बाहेरून त्यात स्क्रिप्ट घुसवायचं फुकटातलं साधन. व्हिडिओतल्या मुलाने सांगितलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच खोटं ओरडतो. याने केला बंद.

मी रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी २००४ ते २००९ सांगलीत नेट कॅफे चालवलाय. दहा मशीन, पेंटियम फोर, तासाला वीस रुपये. दुपारी कॉलेजची पोरं काउंटर स्ट्राइक खेळायला यायची, आणि त्यांच्यात एक 'भिंतीपलीकडचं दिसणारी' फाईल पेन ड्राइव्हवरून फिरायची. मला माहीत होतं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी बघून न बघितल्यासारखं करायचो. तेव्हा भाच्याला बोलायचा अधिकार मला किती, हा प्रश्नच होता.

पण माझ्या कॅफेतल्या त्या पोरांमध्ये आणि माझ्या भाच्यामध्ये एक मोठा फरक आहे. तो समजायला जरा मागे जावं लागेल.

१९९६ साली अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर कंपनीचा 'क्वेक' आला. इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी गोळीबार खेळायची खरी चटक लागली ती याच गेमची. क्वेकमध्ये एक 'कन्सोल' होता. बटण दाबलं की पडद्यावर काळी पट्टी उतरायची आणि त्यात तुम्ही गेमला हुकूम लिहायचे. चार-पाच हुकूम एकत्र बांधून एका बटणाला लावता यायचे. पायाशी रॉकेट मारून त्या धक्क्याने उंच उडायची एक करामत होती. खाली बघ, उडी मार, रॉकेट सोड, पुन्हा वर बघ. हे सगळं हाताने जमवायला सराव लागायचा. लोकांनी त्याची स्क्रिप्ट लिहिली, एक बटण दाबलं की झालं.

आता ही फसवणूक की हुशारी? त्यावर तेव्हाही भांडणं होती. गेमनेच दिलेली सोय आहे, मग चूक काय, असं एक बाजू म्हणायची. हा वाद आजही मिटलेला नाही बरं का. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर स्ट्राइकच्या नव्या आवृत्तीत अशा एका बटणात अनेक हालचाली बांधलेल्या स्क्रिप्टवर आणि काही महागड्या कीबोर्डांच्या तसल्याच सोयीवर बंदी घातली. म्हणजे हाताचं कसब कुठे संपतं आणि यंत्राचं कुठे सुरू होतं, ही रेघ अठ्ठावीस वर्षांनीही ओढणं चालूच होतं.

क्वेकमध्ये लवकरच पुढची पायरी आली. खेळाडू आणि सर्व्हर यांच्या मधे बसणारा प्रोग्राम. सर्व्हरकडून येणारी माहिती हा मधला गडी वाचायचा, शत्रू कुठे आहे ते काढायचा, आणि तुम्ही गोळी झाडली की नेम स्वतः दुरुस्त करून पुढे पाठवायचा. गेमला हातही न लावता.

हे होऊ शकलं ते एका साध्या कारणाने. पत्त्यांचा डाव मांडलाय असं समजा. वाटणाऱ्याने चौघांचीही पानं तुमच्या हातात दिली आणि सांगितलं, "आपलीच बघा हं, बाकीची उलटी धरा." ऑनलाईन गेम बऱ्याच अंशी असाच चालतो. भिंतीमागचा माणूस पुढच्या क्षणी समोर येणार, तेव्हा तो अडखळत दिसू नये म्हणून त्याची जागा तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कळवून ठेवलेली असते. फक्त भिंत काढून तुमच्या डोळ्यांपासून लपवलेली असते. आणि भिंत काढायचं काम तुमच्याच मशीनकडे! मग तिला सांगायचं, भिंत काढू नकोस. माझ्या कॅफेतली फाईल एवढंच करायची. २००१ मध्ये तर असूस कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डासोबत भिंतीपलीकडचं दाखवणारी सोय देणार असं जाहीर केलं होतं. गेमर मंडळींनी गदारोळ केला. कंपनीच्या जाहिरातीत फसवणूक हे वैशिष्ट्य म्हणून यावं, हे त्या काळात घडलंय.

डिसेंबर १९९९ मध्ये क्वेक लिहिणाऱ्या जॉन कार्मॅकने गेमचा सगळा सोर्स कोड खुला केला. थोड्याच दिवसांत बदललेल्या प्रती घेऊन लोक सर्व्हरवर उतरले आणि प्रामाणिक खेळणाऱ्यांचे हाल झाले. बघा, कोड उघडा केला की हे होतं, असं लोक म्हणायला लागले. तेव्हा एरिक रेमंड या ओपन सोर्सवाल्या माणसाने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं उलटं होतं. दोष उघडेपणाचा नाही, खेळाडूच्या मशीनवर विश्वास टाकून गेम बांधला त्याचा आहे, कोड झाकलेला होता म्हणून तो दोष इतके दिवस खपला. मला विचाराल तर या विषयावर यापेक्षा नेमकं फार थोड्यांनी लिहिलंय. पण विश्वास न टाकता गेम बांधायचा तर सगळं सर्व्हरने करायचं, आणि तेव्हाच्या फोनलाईनवरच्या मोडेमवर ते परवडणारं नव्हतं.

मग आले पहारेकरी. टोनी रे नावाचा खेळाडू टीम फोर्ट्रेस क्लासिकमधल्या फसव्यांना वैतागला आणि त्याने २००० साली 'पंकबस्टर' काढलं. ते तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी तपासायचं आणि ओळखीच्या फसव्या प्रोग्रामची खूण सापडली की तुम्हाला बाहेर काढायचं. २००२ मध्ये व्हॉल्व्हचं 'व्हॅक' आलं. लोकांना हायसं वाटलं.

पण पहारेकऱ्याचेही किस्से आहेत. मार्च २००८ मध्ये काही खोडसाळ लोकांनी पंकबस्टर कुठला मजकूर शोधतंय ते हुडकलं आणि तोच मजकूर चॅटच्या गर्दीच्या खोल्यांमध्ये टाकून दिला. ज्यांच्या मशीनवर ते चॅट उघडं होतं, त्यांच्या मेमरीत तो मजकूर आपोआप आला, आणि पंकबस्टरने त्या निरपराध लोकांना फसवे ठरवून हाकललं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

दुसरा किस्सा तर मला फारच आवडतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचा पहारेकरी होता 'वॉर्डन'. तो तुमच्या मशीनवर आणखी काय काय उघडं आहे तेही बघतो, अगदी खिडक्यांची नावंसुद्धा वाचतो, हे २००५ च्या ऑक्टोबरात ग्रेग हॉग्लंड या सुरक्षातज्ज्ञाने उघड केलं आणि हेरगिरी म्हणून बोंब झाली. त्याच सुमाराला सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी गाजत होत्या. सीडी कॉम्प्युटरला लावली की ती कॉपी रोखण्यासाठी एक छुपा प्रोग्राम टाकायची, आणि तो प्रोग्राम ठराविक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाईल दिसेनाशी करायचा. वॉरक्राफ्टमधल्या फसव्यांनी काय करावं? आपल्या साधनाचं नाव त्याच अक्षरांनी सुरू केलं. वॉर्डनला ते दिसेचना! गाण्यांची चोरी थांबवायला बांधलेल्या भिंतीमागे गेममधले चोर लपले.

वॉरक्राफ्टपाशी थोडं थांबू, कारण इथे दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, भाषा. या गेमने खेळाडूंना आपला पडदा हवा तसा सजवायला 'लुआ' नावाची छोटी प्रोग्रामिंग भाषा दिली. लुआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओमधल्या एका विद्यापीठात तयार झाली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. शिकायला सोपी, हलकी, कुठल्याही प्रोग्राममध्ये बसवता येणारी. खेळाडूंनी तिच्यात हजारो ॲडऑन लिहिले. पण काही ॲडऑन इतके हुशार झाले की कुठला मंत्र कोणावर टाकायचा तेही तेच ठरवायला लागले, खेळाडूने नुसतं बटण बडवायचं. शेवटी डिसेंबर २००६ च्या मोठ्या बदलात ब्लिझार्ड कंपनीने ते दार बंद केलं. सजावट करा, पण निर्णय माणसानेच घ्यायचा.

दुसरी, पैसा. मायकेल डॉनली या गृहस्थाने २००५ मध्ये 'ग्लायडर' विकायला काढलं. तुम्ही झोपा, तुमचं पात्र रात्रभर राक्षस मारत राहील. सप्टेंबर २००८ पर्यंत सुमारे १,२०,००० प्रती खपल्या आणि पस्तीस लाख डॉलर जमले, हे कोर्टाच्या कागदांत आहे. ब्लिझार्डशी खटला झाला, २००९ मध्ये ग्लायडर बंद पडलं. २०१० च्या डिसेंबरात अपिलाच्या कोर्टाने निकाल दिला तो असा की, गेमचा करार मोडणं म्हणजे कॉपीराइट मोडणं नव्हे, पण वॉर्डनला चकवायचं साधन विकणं हा वेगळा कायदेभंग आहे.

लक्षात घ्या, क्वेकवाला स्वतः स्क्रिप्ट लिहायचा किंवा निदान ती उघडून वाचू शकायचा. ग्लायडरवाला विकत घ्यायचा, पण विकणारा ठाऊक होता, त्याच्यावर कोर्टात दावा लावता येत होता. दोघांनाही आपण काय चालवतोय ते बऱ्यापैकी माहीत होतं. माझ्या भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो फरक म्हणालो ना, तो हा.

आता रोब्लॉक्स. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. हा एक गेम नाही, मुलांनी मुलांसाठी केलेल्या गेमचा बाजार आहे. आणि ते गेम लिहायचे कशात? लुआमध्येच. २०२३ मध्ये रोज सात कोटींच्या वर लोक तिथे येत होते.

सुरुवातीला रोब्लॉक्सने क्वेकचीच चूक मोठ्या प्रमाणात केली. तुमच्या मशीनवर जे बदललं ते सर्व्हर मान्य करायचा आणि सगळ्यांकडे पोचवायचा. म्हणजे बाहेरून स्क्रिप्ट घुसवणाऱ्या एका पोराने घर पाडलं, की ते सगळ्यांसाठीच पडलं. अख्खा नकाशा गायब. कोणीतरी महिनाभर खपून केलेला गेम दोन मिनिटांत विस्कटायचा. कंपनीने 'फिल्टरिंग' आणलं. तुमच्या मशीनवरचा बदल तुमच्यापुरता, इतरांना दिसायचा तर सर्व्हरची परवानगी हवी. पण ते वर्षानुवर्षं ऐच्छिक होतं, सर्वांना सक्तीचं झालं ते २०१८ मध्ये.

फिल्टरिंग म्हणजे तहसील कचेरीची खिडकी समजा. पूर्वी लोक आत शिरून रजिस्टरमध्ये स्वतःच नोंद करायचे, आता खिडकीतून अर्ज द्यायचा. पण खिडकीवरचा कारकून नवखा असेल तर? गेम लिहिणारा बारा-चौदा वर्षांचा. 'मी शंभर नाणी जिंकलो' असा अर्ज आला की त्याचा सर्व्हर तपासत नाही, देऊन टाकतो. एक्झिक्युटरवाले मग तसले अर्ज पाठवत बसतात. म्हणून फिल्टरिंगनंतरही हा धंदा संपला नाही.

धंदाच म्हणायला हवा. सिनॅप्स एक्स नावाचा एक्झिक्युटर वीस डॉलरला विकला जायचा आणि त्या जगात त्याला ब्रँडचा मान होता. ज्यांच्याकडे वीस डॉलर नाहीत, म्हणजे बहुतेक पोरं, त्यांच्यासाठी फुकटची साधनं. फुकट कशी? रोज नवी 'की' घ्यायची, आणि की मिळवायला जाहिरातींच्या तीन-चार पानांवरून जायचं. प्रत्येक क्लिकचे पैसे साधनवाल्याला. त्या पानांवर 'डाऊनलोड' लिहिलेली पाच बटणं, त्यातलं खरं एक. बाकीच्यांवर काय बसलंय देव जाणे.

आणि स्क्रिप्ट? ती पोर लिहीत नाही. एक ओळ चिकटवते. त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की, अमुक पत्त्यावर जा, तिथे जे लिहिलंय ते आण आणि चालव. आज तिथे एक असेल, उद्या दुसरं. वाचायला समोर काहीच नसतं. भाच्याला मी विचारलं, "या ओळीने काय होतं?" तो म्हणाला, "मामा, त्याने उडता येतं." खरंच येत होतं. सोबत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी दुसरीकडे जात होत्या. कुकी म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' असं सांगणारी पावती. ती कोणाच्या हातात पडली की त्याला पासवर्डही लागत नाही, ओटीपीही लागत नाही.

अँटिव्हायरसचं ओरडणंही नेहमी खोटं नसतं, नेहमी खरंही नसतं, गोची तिथेच आहे. दुसऱ्या चालू प्रोग्राममध्ये शिरणं हे एक्झिक्युटरचं कामच, आणि व्हायरसचीही तीच रीत. त्यामुळे 'दुर्लक्ष करा' हा सल्ला मुलांना पटतो. चोराला यापेक्षा चांगला आडोसा कुठे मिळणार?

ऑक्टोबर २०२२ मध्ये रोब्लॉक्सने बायफ्रॉन ही फसवणूक रोखणारी कंपनीच विकत घेतली. २०२३ मध्ये तिचं 'हायपेरिअन' विंडोजवर लागू झालं आणि एक्झिक्युटर एकामागून एक पडले. सिनॅप्सवाल्यांनी त्याच वर्षी रोब्लॉक्सशीच हातमिळवणी करून दुकान बंद केलं. पण पोरं आणि साधनं दोन्ही मोबाईलकडे वळली. प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतलेलं, बदललेलं रोब्लॉक्सचं ॲप अँड्रॉइडवर टाकायचं. आपल्याकडे कॉम्प्युटर थोड्या घरांत, मोबाईल प्रत्येक घरात. आणि त्याच मोबाईलवर यूपीआय.

हे फक्त पोराटोरांचं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात शांघायच्या काउंटर स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया हा आपला संघ खेळत होता. सामना चालू असताना पंच एका खेळाडूच्या मशीनपाशी आले, तो घाईघाईने काहीतरी बंद करायला लागला. नेम धरून देणारा प्रोग्राम निघाला, फाईलचं नाव 'वर्ड डॉट ईएक्सई', म्हणजे पत्र टाईप करायच्या सॉफ्टवेअरचा आव. संघ बाद, संघच बरखास्त, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी. त्याच्या चार सहकाऱ्यांनी काय केलं होतं? भारतातल्या खेळाडूंकडे बाहेरचे लोक त्यानंतर बराच काळ त्याच नजरेने बघत होते.

बनवणाऱ्यांचं बघाल तर चीनमध्ये कुनशानच्या पोलिसांनी २०२१ मध्ये टेन्सेंटच्या मदतीने 'चिकन ड्रमस्टिक' नावाची टोळी पकडली. दहा जणांना अटक, कमाई सुमारे साडेसात कोटी डॉलर. दक्षिण कोरियात तर असली साधनं बनवून विकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा झाला, ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली, पण चर्चा सगळी पैसे लावून खेळायच्या गेमची.

पहारेकरी मात्र खोल खोल शिरत चाललेत. २०२० मधल्या व्हॅलोरंटचा 'व्हॅनगार्ड' विंडोजच्या गाभ्यात, कॉम्प्युटर चालू होतानाच बसतो. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या पहारेकऱ्याची अशीच एक फाईल खंडणीखोर हॅकर्सनी उचलली आणि तिच्या जोरावर अँटिव्हायरस बंद पाडले. तो गेम ज्या मशीनवर नव्हता तिथेही, कारण फाईल अधिकृत सहीची होती. सहीच्या कागदावर आपण सगळेच विश्वास ठेवतो.

असो. दाजींचा कॉम्प्युटर मी पूर्ण पुसून नव्याने बसवला. भाच्यासाठी वेगळं लॉगिन केलंय, त्याला स्वतःहून काही इन्स्टॉल करता येत नाही. अँटिव्हायरसही बंद करता येत नाही. बाहेरून ॲप घेऊ नये म्हणून बहिणीच्या मोबाईलमध्येही तेवढं सेटिंग बदललं. त्या रात्री तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, तुझ्या कॅफेत पण पोरं चीट करायची ना? आई म्हणाली." मी हो म्हणालो.

दाजी रोज संध्याकाळी एकेका व्यापाऱ्याला फोन करून पासवर्ड बदलून घेतायत. काहींना काय झालं ते सांगावं लागतं, ते ऐकून दोघांनी कामच काढून घेतलं. कालपर्यंत ४३ झाले. उरलेल्यांपैकी एक किराणावाले आजोबा आहेत, त्यांचा ओटीपी येतो तो नंबर त्यांच्या मुलाकडे पुण्यात, आणि मुलगा फोन उचलत नाही.